मेस्तियाला शनिवार-रविवारात जाताय? या चुका टाळा

परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर शेजारच्या काकूंचा मुलगा भेटला. सप्टेंबरमध्ये तो जॉर्जियाला, तिबिलिसीला डॉक्टरकी शिकायला चाललाय. फीबद्दल नाही, हॉस्टेलबद्दल नाही, पहिला प्रश्न हाच: "ताई, मेस्तियाला शनिवार-रविवारात जाऊन येता येतं का गं?" मेस्तिया म्हणजे जॉर्जियाच्या कॉकेशस डोंगरातलं छोटं गाव. तिथले दगडी मनोरे आणि त्यांच्यामागची बर्फाची शिखरं त्यानं व्हिडिओत पाहिली होती. मी तिथं शिकते, तीनदा मेस्तियाला जाऊन आलेय, आणि पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्या चुका केल्यात. त्याला उभ्याउभ्या जे सांगितलं ते इथं नीट लिहिते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त जाण्याचा बेत करणं. तिबिलिसी ते मेस्तिया रस्त्यानं साडेचारशे किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकं, आणि त्यातला पायथ्याच्या झुगदिदी शहरापासूनचा शेवटचा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा पट्टा निव्वळ घाट. आठ-नऊ तास सहज जातात. छोट्या विमानानं तासाभरात पोचता येतं, पण त्यात वीसाहून कमी सीटा, दरीतला विमानतळ, ढग उतरले की उड्डाण रद्द. सोमवारी परीक्षा असेल तर परतीचं विमान हा एकच आधार धरून जाऊ नका. जाताना विमान आणि येताना रस्ता, हे त्यातल्या त्यात बरं.

तिथली मार्शुत्का म्हणजे आपलं वडापच. फरक एवढाच की जीपच्या जागी मिनीबस असते. भरली की सुटते, आणि मेस्तियाच्या सेती चौकातून बहुतेक गाड्या सकाळीच निघतात. आम्ही चौघी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं. रविवारी सकाळी चालाआदी हिमनदी बघायला गेलो, दुपारी अडीचला चौकात आलो, तर चौक रिकामा. एक कुत्रं आणि आम्ही. मुक्काम वाढला, सोमवारी संध्याकाळी तिबिलिसीत पोचलो आणि अॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल बुडालं ते बुडालंच. म्हणून पोचल्या पोचल्या पहिलं काम करायचं ते परतीच्या गाडीत जागा सांगून ठेवण्याचं. गेस्टहाउसच्या मालकिणीला सांगितलं की ती ड्रायव्हरला फोन करते, गाडी कधीकधी दारात येते.

खरं सांगायचं तर मेस्तियाला तीन दिवस हवेत. जॉर्जियात 26 मे, 14 ऑक्टोबर आणि 23 नोव्हेंबर या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. यातली एखादी सोमवारी किंवा शुक्रवारी आली की तो आठवडा धरा. 2026 मध्ये 23 नोव्हेंबर सोमवारीच येतोय, पण तोवर वर बर्फ पडायला लागलेलं असतं, तेव्हा रस्त्याची चौकशी करूनच निघा. सुट्टी नसेल आणि दोनच दिवस हातात असतील, तर काझबेगीकडे स्तेपांतस्मिंदाला जा. तीन-साडेतीन तासांत पोचता, डोंगर तोच कॉकेशस. मेस्तियाला दोन दिवसांत जाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीची झुगदिदीची रेल्वे असेल तर ती पकडावी. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, तिकीट आधी काढा.

अडकलातच तर? रात्री टॅक्सी करून घाट उतरू नका. दरड, बर्फ, रस्त्यात बसलेल्या गाई, सगळं असतं. रविवारी रात्रीच वर्गप्रमुखाला आणि शिक्षकांना निरोप टाका, बंद रस्त्याचा किंवा रद्द झालेल्या तिकिटाचा फोटो ठेवा. सोमवारी दुपारी सांगितलेलं कारण कुणी ऐकत नाही.

आता घरच्यांचं. त्या रविवारी रात्री मेस्तियात वीज गेली, फोनची बॅटरी संपली, आणि मी आईला "रात्री दहापर्यंत तिबिलिसीत पोचते" असं सांगून ठेवलं होतं. भारत जॉर्जियाच्या दीड तास पुढे. म्हणजे तिथले दहा वाजले तेव्हा साताऱ्यात साडेअकरा. आई पहाटे तीनपर्यंत जागी होती, बाबांनी माझ्या रूममेटच्या घरी फोन केला होता. सकाळी बोलणं झालं तेव्हा आई रागावली नाही, नुसती रडली. ते मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून मी पोचायची वेळ सांगत नाही. "सोमवारी दुपारपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करा" असं सांगते आणि गेस्टहाउसचा नंबर देऊन जाते. पॉवर बँक सोबत, नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला, आणि मुक्कामाचं नाव जॉर्जियन लिपीत लिहिलेलं. दऱ्यांमध्ये रेंज जाते आणि सगळ्या ड्रायव्हरांना इंग्रजी येत नाही.

गाडी लागणाऱ्यांनी पुढची सीट मागून घ्यावी. आवळासुपारी घरून न्या, मला तिचाच आधार असतो. झुगदिदी सोडल्यावर एंगुरीचं धरण लागतं, उंची 271.5 मीटर. आपल्या कोयनेच्या भिंतीच्या अडीचपट. तिथं मान बाहेर काढून बघाल तर मळमळ हमखास, त्यापेक्षा गाडी थांबली की उतरून बघा. आणि झुगदिदीपासून अबखाझिया, म्हणजे जॉर्जियापासून फुटून निघालेला वादग्रस्त भाग, अगदी जवळ आहे म्हणून "जरा बघून येऊ" हा विचारसुद्धा मनात आणू नका. निवास परवान्यावर शिकणाऱ्या मुलांनी त्या हद्दीपासून लांबच राहावं.

कपड्यांची चूक आपल्याकडची मुलं नेमानं करतात. मेस्तिया साधारण 1,500 मीटरवर, महाबळेश्वरहून थोडंसंच उंच. त्यामुळे "स्वेटर पुरेल" असं वाटतं. पण मेस्तियाच्या पुढचं उशगुली गाव 2,100 मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्याही वर, आणि मागे पाच हजार मीटरहून उंच श्खारा शिखराचा बर्फ. दुपारनंतर ढग येतात. जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही. माझे बूट भिजले तेव्हा मी ते लाकडाच्या शेगडीवरच ठेवले. तासाभरात डिंकाचा वास सुटला, डाव्या बुटाचा सोल पुढून उचकटला आणि जबडा उघडल्यासारखा दिसायला लागला. मालकिणीनं सुतळी आणून तो गुंडाळून बांधला आणि उजव्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पावसाळ्यात आजी आमच्या शाळेच्या बुटांत हेच करायची. बोळे दर दोन तासांनी बदलायचे, बूट शेगडीपासून हातभर लांब.

जेवणात एकच सांभाळा. कुबदारी ही तिथली मांस भरलेली रोटी बहुतेकदा गाईच्या किंवा डुकराच्या मांसाची असते. न विचारता खाल्लं आणि मग दोन दिवस जेवणच गेलं, असं आमच्यातल्या एकीचं झालं. शाकाहारी असाल तर "सामार्ख्वो" हा शब्द पाठ करा, उपवासाचं जेवण: मांस, अंडं, दूध काहीच नाही. बटाट्याला भरपूर चीज घोटून केलेली ताश्मिजाबी मिळते, त्यावर तिथलं मीठ भुरभुरायचं. लसूण, धने, निळी मेथी, झेंडूच्या पाकळ्या घालून कुटलेलं. पहिला घास घेतला आणि घरच्या कांदा-लसूण चटणीचा डबा डोळ्यांसमोर आला. येताना पाव किलो बांधून आणलं होतं.

रोख लारी, म्हणजे तिथलं चलन, तिबिलिसीतूनच घ्या, उशगुलीत कार्डावर भरवसा नको. धनगरी कुत्री मोठी आणि राखणीची असतात. पळू नका, थांबा, वाकून दगड उचलल्यासारखं करा. चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस गाठा. मदतीचा नंबर 112.

काकूंच्या मुलानं एवढं ऐकून फोनमध्ये दोनच गोष्टी टिपून घेतल्या: 23 नोव्हेंबर, आणि आवळासुपारी.