सेत्सुबुन घरी करताय? या चुका टाळा

सेत्सुबुन म्हणजे वसंतारंभाच्या आदल्या दिवशी दाणे फेकून घरातली पीडा घालवायचा जपानी सण. टोकियोतला माझा पहिला फेब्रुवारी. सुपरमार्केटातून सोयाबीनची पिशवी आणली आणि संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून "ओनी वा सोतो!" (ओनी, म्हणजे पीडा आणणारा राक्षस, बाहेर!) म्हणत मूठमूठ दाणे फेकले. हिवाळ्यात तुळस गेल्यामुळे एक कुंडी कोपऱ्यात रिकामी पडली होती. एप्रिलमध्ये नवं रोप लावायचं म्हणून तिला पाणी घालायला लागले आणि आठवड्याभरात मातीतून जाड दोन दळांचा कोंब वर आला. शेजारच्या आजींना कौतुकाने दाखवला, तर त्यांचा चेहरा उतरला. "भाजले नव्हतेस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

सेत्सुबुनमधली सगळ्यात मोठी चूक ही. घरातली पीडा त्या दाण्यावर घालून आपण ती बाहेर टाकतो. टाकलेला दाणा रुजला, तर पीडाही रुजली. म्हणून दाणे भाजलेलेच हवेत. जपानीत भाजण्याच्या क्रियापदाचा उच्चार 'इरु' आणि बाण मारण्याचाही 'इरु', म्हणजे भाजतानाच ओनीला बाण लागतो असं मानतात. दुकानात जानेवारीच्या मध्यापासून 'फुकुमामे' (भाग्याचे दाणे) लिहिलेली पाकिटं मिळतात, ते दाणे भाजलेलेच असतात. नुसतं 'दाइझु' (सोयाबीन) लिहिलेली पिशवी मात्र बहुतेक वेळा कच्च्या सोयाबीनची असते. मी तीच उचलली होती.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणारी मंडळी वर्गात किंवा घरी सेत्सुबुन करतात, त्यांच्यासाठी भाजण्याची रीत सांगते. वाटीभर सोयाबीन धुऊन तीन-चार तास भिजवा. निथळून पंचावर पसरा आणि वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वीसेक मिनिटं हलवत राहा. साल तडकून वास खमंग झाला की एक दाणा गार करून चावून बघा. गरम असताना तो मऊच लागतो, त्याला फसून आच वाढवू नका. दाणे बाहेरून काळे आणि आतून उग्र लागत असतील तर आच मोठी होती. गार झाल्यावरही चिवट राहिले तर पुन्हा कढईत घाला. सोयाबीन मिळालंच नाही तर फुटाणे घ्या, कच्च्या दाण्यांपेक्षा ते कितीतरी बरे. जपानमध्येही होक्काइदो, तोहोकु, निइगाता या बर्फाळ भागांत आणि दक्षिणेकडे मियाझाकी-कागोशिमात टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात. बर्फात पडली तरी शेंग दिसते, उचलून खाताही येते.

तारीख गृहीत धरू नका

'३ फेब्रुवारी' असं पाठ करून ठेवलं तर एखाद्या वर्षी चुकाल. सेत्सुबुन म्हणजे ऋतूंची फाळणी, रिश्शुनच्या म्हणजे वसंतारंभाच्या आदला दिवस. सूर्य क्रांतिवृत्तावर ३१५ अंशांवर येतो तो दिवस रिश्शुन, आणि वर्ष ३६५ दिवसांहून सुमारे सहा तासांनी मोठं असल्यामुळे तो सरकतो. १९८४ साली सेत्सुबुन ४ फेब्रुवारीला होता. २०२१ मध्ये तो २ फेब्रुवारीला आला, १८९७ नंतर म्हणजे १२४ वर्षांनी पहिल्यांदा. २०२५ मध्ये पुन्हा २ तारीख होती. २०२६, २०२७ आणि २०२८ मध्ये ३ तारीख आहे, २०२९ मध्ये परत २. पंचांग बघून संक्रांत ठरवणाऱ्या घरांना हे नवीन नाही. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते, हेही लक्षात ठेवा. सगळं संध्याकाळी कामावरून आल्यावरच करायचं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी ऊब येईल अशी आशा धरू नका. रिश्शुन हा थंडीचा शेवट नसून कळस ओलांडल्याची खूण आहे. टोकियोत त्यानंतरही बर्फ पडतो.

आधी बाहेर, मग आत

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हिडिओ बघून सेत्सुबुन करणारे लोक सगळीकडे दाणे उधळतात आणि "ओनी वा सोतो, फुकु वा उची" एका दमात म्हणून मोकळे होतात. 'ओनी बाहेर, भाग्य आत' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांना क्रम आहे.

दाणे दुपारी लाकडी 'मासु'त, म्हणजे धान्य मापायच्या चौकोनी मापात घालून घरातल्या कामिदानासमोर, म्हणजे शिंतो देव्हाऱ्यासमोर ठेवतात. आमच्याकडे देवघरात ठेवतो. अंधार पडला की सगळ्यात आतल्या खोलीपासून सुरुवात. खिडकी उघडायची, "ओनी वा सोतो" म्हणत बाहेर दाणे टाकायचे आणि खिडकी लगेच लावून घ्यायची. मग वळून "फुकु वा उची" म्हणत त्याच खोलीत दाणे टाकायचे. अशा एकेक खोल्या करत शेवटी मुख्य दाराशी यायचं. उलट, दारापासून आत जाल तर ओनीला घरातच कोंडाल. खिडकी उघडी राहिली तर तो परत येईल आणि आत बोलावलेलं भाग्य निघून जाईल. दाणे तळहात वर ठेवून, खालून, पेरल्यासारखे टाकतात. डोक्यावरून भिरकवायचे नाहीत.

मी विदर्भातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी हाळी उठते, ती ऐकत वाढले. म्हणून हा क्रम मला फार जवळचा वाटतो. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" हेही दोन वाक्यांत आहे, आणि त्यातही पीडा आधी जाते. सेत्सुबुनचं मूळसुद्धा रोगराईतच आहे. चीनहून आलेला 'त्सुइना' हा विधी जपानच्या दरबारात ७०६ साली झाल्याची नोंद आहे, आणि कारण होतं साथीचा रोग. दाणे पुढे आले, मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक). त्यामुळे ओनीचं भाषांतर नुसतं 'राक्षस' केलं की अर्थ अपुरा पडतो. तो रोग आहे, थंडी आहे, घरात वर्षभर साचलेलं वाईट आहे. त्याची शिंगं बैलाची आणि लंगोट वाघाच्या कातड्याचा, कारण ओनी ज्या ईशान्येकडून येतो असं मानतात, त्या दिशेचं जुनं नाव 'उशि-तोरा' म्हणजे बैल-वाघ.

नवशिक्यांना आणखी एक. हिरागानात जे अक्षर 'हा' दिसतं, ते इथे 'वा' वाचायचं. "ओनी हा सोतो" म्हणू नका.

देवळात गेलात तर आधी ऐका

प्रत्येक ठिकाणी हीच घोषणा नसते. टोकियोतल्या आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात करुणेची देवता कान्नोनसमोर ओनी असूच शकत नाही असं मानतात, म्हणून तिथे "ओनी वा सोतो" म्हणत नाहीत. चिबातल्या नारितासान शिन्शोजी मंदिरातही तिथल्या फुदोम्योओ या बौद्ध देवतेच्या करुणेने ओनीसुद्धा सुधारतो, म्हणून फक्त "फुकु वा उची". नाराजवळच्या योशिनोत किंपुसेनजी मंदिर तर त्याच्याही पुढे जातं. "फुकु वा उची, ओनी मो उची", ओनीही आत या, म्हणून देशभरातून हाकललेल्या ओनींना तिथे आसरा मिळतो. मला ही घोषणा सगळ्यात आवडते.

लहान मुलं: इथे चूक परवडत नाही

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना भाजलेले सोयाबीन किंवा शेंगदाणे देऊ नका. २०२० च्या सेत्सुबुनला मात्सुए शहरात चार वर्षांचं एक मूल दाणा घशात अडकून गेलं. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०२१ मध्ये ही वयोमर्यादा तीनवरून पाचवर नेली. दाणा फोडून दिला तरी तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यामुळे 'अर्धा करून देते' हा उपाय नाही. लहानग्यांच्या हातात कागदाचे बोळे द्या, किंवा न उघडलेली छोटी पाकिटं फेकू द्या. नंतर जमिनीवर बसून कोपरान् कोपरा झाडा. रांगतं मूल घरात असेल तर कपाटाखाली टॉर्च मारून बघा.

घाबरवण्याबद्दलही बोलायला हवं. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिच्या पाळणाघरात कुणीतरी मुखवटा घालून अचानक खोलीत शिरलं. त्यानंतर महिनाभर ती रात्री दिवा मालवू देत नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही मुखवटा तिच्याकडूनच रंगवून घेतला आणि बाबाने तो तिच्यासमोर चढवला. तिने बाबाला दारापर्यंत पिटाळलं आणि दार स्वतः लावलं. जपानी बालवाड्यांत एक सुंदर रीत असते: प्रत्येक मूल आपल्या आतला ओनी ठरवतं, 'रडका ओनी', 'रागीट ओनी', आणि त्याला दाणे मारतं. हे जरूर करा.

दाणे किती खायचे? वयाइतके, काही घरांत एक जास्त. जुन्या मोजणीत चालू वर्ष धरायचे, आपण 'चाळिसावं लागलं' म्हणतो तसंच. आजी-आजोबांना सत्तर-ऐंशी दाणे चावायला लावू नका. त्यांच्यासाठी 'फुकुचा' करा: तीन दाणे, एक उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि थोडा कोंबु (समुद्रशैवाल), वरून गरम चहा.

एहोमाकी फसतो तो का

हा जाडजूड सुशी-रोल मूळ ओसाकाकडचा. १९९० च्या दशकात कन्व्हिनियन्स स्टोअर्सनी तो देशभर नेला. न कापता, न बोलता, शुभदिशेकडे तोंड करून संपवायचा. कापला तर नाती तुटतात असं मानतात. दिशा दरवर्षी बदलते, पण आहेत चारच. इसवी सनाचा शेवटचा आकडा ४ किंवा ९ असेल तर पूर्व-ईशान्य, ५ किंवा ० असेल तर पश्चिम-नैर्ऋत्य, ७ किंवा २ असेल तर उत्तर-वायव्य, आणि १, ३, ६, ८ असेल तर दक्षिण-आग्नेय. फोनच्या होकायंत्रावर अनुक्रमे ७५, २५५, ३४५ आणि १६५ अंश.

रोल फुटतो तो सारण जास्त भरल्यामुळे किंवा भात गरम असताना गुंडाळल्यामुळे. भात हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, नोरीची (रोलभोवतीच्या वाळवलेल्या समुद्रशैवालाच्या पापुद्र्याची) लांबची कड दोन सेंटिमीटर मोकळी सोडा. भारतात असाल तर इंद्रायणी तांदूळ चिकटपणाला चांगला चालतो. शाकाहारी घरात काकडी, शिइताके (मशरूम) आणि कोयादोफु (वाळवलेला टोफू) पुरे. एक सुचवते: रोल बारीक करा. जाडा रोल गप्प बसून घाईने गिळणं वयस्कांना आणि मुलांना धोक्याचं आहे. आणि विकत घेणार असाल तर आधी मागणी नोंदवा. उरलेले रोल इतके फेकले जात होते, की २०१९ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाला दुकानांना मागणीपुरतेच करा असं सांगावं लागलं.

दारावरची फांदी

दाराशी सार्डिनचं डोकं खोचलेली 'हिइरागी'ची फांदी लावतात. वासाने आणि काट्यांनी ओनी थबकतो. लोक चुकून लाल फळांची ख्रिसमसची हॉली आणतात. हिइरागीची पानं देठावर समोरासमोर येतात आणि फळं गडद जांभळी असतात. हॉलीची पानं आळीपाळीने येतात. मासा नको असेल तर नुसती फांदी लावा. मासा लावलाच तर दिवसभरात काढा, मीठ टाकून पांढऱ्या कागदात गुंडाळा, नाहीतर मांजरं येतील.

सकाळी, रिश्शुनला, झेन मंदिरांच्या दारावर 'रिश्शुन दाइकिची' (रिश्शुनला महाशुभ) असं चार अक्षरांत लिहिलेला कागद दिसतो. आत शिरलेला ओनी मागे वळून बघतो, त्याला कागदाच्या मागूनही तेच दिसतं, आपण अजून बाहेरच आहोत असं वाटून तो परत फिरतो. घरी लिहिताना बहुतेक जण ही अक्षरं आडवी लिहितात. मग मागून क्रम उलटतो आणि सगळंच बिघडतं. पातळ कागद घ्या, वरून खाली उभं लिहा, आणि चिकटवण्याआधी उजेडासमोर धरून मागच्या बाजूने वाचून बघा.