पोर्टफोलिओ साइट अपडेट करताना या चुका टाळा

वेब डिझायनरची स्वतःची साइट म्हणजे बहुतेक वेळा दिव्याखालचा अंधार. क्लायंटच्या कामाला चेकलिस्ट, टेस्टिंग, बॅकअप सगळं असतं. स्वतःची साइट मात्र रविवारी दुपारी थेट लाइव्हवरच बदलली जाते. नवं होमपेज झकास दिसतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण येणारा माणूस होमपेजवरून फारसा येतच नाही. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली लिंक, गुगल, नाहीतर कधीकाळी पाठवलेल्या कोटेशनच्या पीडीएफमधला पत्ता, अशा वाटांनी तो येतो. त्यामुळे तपासणीची सुरुवात तिथूनच करायला हवी. खालच्या बहुतेक चुका होमपेज पाहून कधीच सापडत नाहीत.

जुने पत्ते मोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मेनूमध्ये ‘वर्क’चं ‘प्रोजेक्ट्स’ केलं की फोल्डरचं नावही बदलावंसं वाटतं. बदललं की बाहेर पसरलेली प्रत्येक जुनी लिंक ४०४ वर (‘पान सापडत नाही’) आदळते. खरं तर मेनूतलं नाव बदलायला पत्ता बदलावा लागत नाही, आणि शक्य असेल तर बदलूच नये.

बदलायचाच असेल तर आधी जुन्या पत्त्यांची यादी करा. साइटची पानं धुंडाळणाऱ्या स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरच्या मोफत आवृत्तीत ५०० पत्ते तपासता येतात; वैयक्तिक साइटला तेवढे पुरे. त्यात होस्टिंगच्या अ‍ॅक्सेस लॉगमधले (भेटींच्या नोंदीतले) आणि गुगलच्या सर्च कन्सोलमधले पत्ते जोडा, कारण आतून कुठेच जोडलेली नसलेली पानं क्रॉलरला दिसत नाहीत. मग प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट द्या. सगळे जुने पत्ते होमपेजवर ढकलू नका. गुगल अशा रीडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’ (पान नसल्यासारखंच) समजतं, आणि लोगोचं काम बघायला आलेला माणूस होमपेजवर शोधाशोध करत बसत नाही.

अपाचे सर्व्हरवर एक खाचखळगा आहे. ‘रीडायरेक्ट ३०१’ हा आदेश पत्त्याची फक्त सुरुवात जुळवतो. ‘वर्क’ला नवा पत्ता दिला की ‘वर्क’च्या पोटातली सगळी पानंही त्याच नियमात ओढली जातात आणि उरलेला भाग नव्या पत्त्याला चिकटतो. आतल्या पानांचे नियम आधी आणि मुख्य फोल्डरचा शेवटी लिहा, किंवा नेमका पत्ता जुळवायला सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावून ‘रीडायरेक्टमॅच’ वापरा. चाचणी चालू असेपर्यंत ३०२ (तात्पुरता) ठेवा. ३०१ ब्राउझर स्वतःकडे साठवून ठेवतो, त्यामुळे चुकीचा ३०१ दुरुस्त केल्यावरही तुमच्या लॅपटॉपवर जुनीच चूक दिसत राहते आणि तासभर वाया जातो.

मागच्या अपडेटचे रीडायरेक्टही तसेच सोडू नका. क वरून ख, ख वरून ग अशी साखळी झाली असेल तर क थेट ग ला जोडा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असं गुगल सांगतं. आपण तर म्हणू, कायमचेच ठेवा. त्यांना जागा कितीशी लागते!

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना: प्रकाशित पोस्टचा स्लग (पत्त्यातला शेवटचा भाग) बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेतं. पेजच्या बाबतीत नेत नाही. पोर्टफोलिओ बहुधा पेजमध्येच असतो.

मराठी शीर्षक जसंच्या तसं पत्त्यात जाऊ देणं

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं आणि पत्त्यात त्याची ९ अक्षरं होतात. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मराठी’ या एका शब्दाची पत्त्यात ४५ अक्षरं. वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे साधारण २२ चिन्हं. ‘नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी वेबसाइट’ असं शीर्षक दिलंत तर स्लग ‘नाशिकच्या-द्राक्ष-बागायत’ इथेच तुटतो. वरून तो चॅटमध्ये पेस्ट केला की टक्केचिन्हांचा सडा पडतो, आणि अशा लिंकवर बोट ठेवायला लोक कचरतात. प्रकाशित करण्याआधीच रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा स्लग हाताने लिहा. आधीच प्रकाशित झालेल्या पानांना मात्र या कारणासाठी हात लावू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकचं चित्र न येणं

तक्रार नेहमीची, कारणं मात्र पाच-सहा. या क्रमाने तपासा.

पान उघडून ‘व्ह्यू पेज सोर्स’ करा. ‘इन्स्पेक्ट’ नको, तिथे जावास्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचं पान दिसतं. ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन आणि ओजी इमेज हे प्रिव्ह्यूसाठीचे (ओपन ग्राफ) टॅग मूळ सोर्समध्ये नसतील तर दोष सापडला. रिअ‍ॅक्टवर बांधलेल्या सिंगल पेज साइटमध्ये हे हमखास होतं, कारण प्रिव्ह्यू तयार करणारे बॉट जावास्क्रिप्ट चालवत बसत नाहीत. टॅग सर्व्हरवरूनच किंवा बिल्डच्या वेळीच पानात आले पाहिजेत.

टॅग असतील तर चित्राचा पत्ता बघा. तो एचटीटीपीएसपासून पूर्ण लागतो. फोल्डरपासून सुरू होणारा अर्धा पत्ता चालत नाही. आकार १२०० × ६३० पिक्सेल, फॉरमॅट जेपीईजी किंवा पीएनजी. एसव्हीजी लोगो इथे कामाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी फाइल ६०० केबीच्या आत हवी; ३०० केबीच्या आत ठेवली की काळजी मिटते. महत्त्वाची अक्षरं मधल्या चौकोनात ठेवा, कारण काही ठिकाणी चित्र दोन्ही बाजूंनी कापून चौकोनी दाखवतात.

तरीही चित्र येत नसेल तर सिक्युरिटी प्लगइन किंवा फायरवॉल बॉटला ४०३ (‘प्रवेश नाही’) देऊन परत पाठवतेय का ते पाहा. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकली की सर्व्हरने काय उत्तर दिलं ते कळतं. तिथलं ‘स्क्रेप अगेन’ दाबलं की फेसबुकची जुनी साठवण पुसली जाते. लिंक्डइनला त्याचा वेगळा पोस्ट इन्स्पेक्टर आहे.

व्हॉट्सअ‍ॅपला असं बटण नाही. प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजसोबत जातो. त्यामुळे आधीच फिरत असलेल्या मेसेजमधलं जुनं चित्र बदलता येत नाही. तो नाद सोडा. नवं चित्र येतंय का हे बघायला पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘व्ही=२’ जोडून स्वतःलाच लिंक पाठवा.

एक चूक चित्राच्या आतली. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केल्यावर ‘क्षितिज’मधली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडत असेल, ‘क्ष’ सुटा होऊन हलन्त दिसत असेल, तर दोष फॉन्टचा नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिनचा पर्याय असेल तर तो ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ करा (जुन्या आवृत्त्यांत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’), नवी फाइल उघडा आणि मजकूर पुन्हा टाका. शीर्षकावरून आपोआप चित्र बनवणाऱ्या काही टूलमध्येही जोडाक्षरं अशीच फुटतात. इंग्रजी शीर्षकावर चाचणी करून मोकळे झालात तर हे कळणारच नाही.

इंग्रजी थीम मराठीवर जशीच्या तशी चढवणं

परदेशी थीममध्ये शीर्षकांना ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे लटकतात. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा. ‘लाइन-हाइट’ १.१ किंवा १.२ असेल तर वर ‘र्की’चा रफार आणि खाली ‘द्धू’चा ऊकार एकमेकांना भिडतात. शीर्षकाला १.४, मजकुराला १.७ च्या आसपास ठेवा. बटणांना ठरावीक उंची आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’ असेल तर मात्रेचं टोक कापलं जातं. उंची काढा, पॅडिंग द्या.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहिलीय का? पुष्कळ ठिकाणी ‘ईएन’ राहून गेलेली असते, किंवा हिंदी साइटवरून कॉपी केल्यामुळे ‘एचआय’. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो कोणतं दाखवायचं हे या एका शब्दावरून ठरवतो. पान वाचून दाखवणारे स्क्रीन रीडरही त्यावरूनच उच्चार निवडतात.

साइट हलकी करण्यासाठी फॉन्ट कापत (न लागणारी चिन्हं काढत) असाल तर युनिकोडमधली नुसती ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची रेंज ठेवून भागत नाही. २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हं लागतात, आणि रुपयाचं ₹ हे चिन्ह २०बी९ वर आहे. ते सुटलं की दरपत्रकात ₹ भलत्याच फॉन्टमध्ये उगवतं. कापताना लेआउट फीचर्स सगळी ठेवायला सांगा. ती गळाली की जोडाक्षरं बनतच नाहीत. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाइलमधून अभिप्राय कॉपी केले असतील तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तुमच्या मशिनवर तो फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला मजकूर नीट दिसेल, वाचकाच्या फोनवर मात्र रोमन अक्षरांचा काला.

‘माझ्याकडे तर दिसतंय’

विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही. घरी दिसणारा फोटो लाइव्हवर गायब असेल तर आधी नावातलं आणि एक्स्टेन्शनमधलं कॅपिटल बघा. सगळी नावं स्मॉलमध्ये ठेवायची सवयच लावून घ्या.

उलट तक्रार अशी की, बदल केला पण लोकांना जुनंच दिसतं. स्टाइलशीटला वर्षभराची कॅशे मुदत (ब्राउझरने साठवून ठेवण्याची) देऊन नाव तेच ठेवलं की असं होतं. लांब मुदत द्यायची तर प्रत्येक बदलाला फाइलच्या नावात किंवा पत्त्याच्या शेवटी आवृत्ती क्रमांक बदला.

साइट गुगलमधून नाहीशी झाली असेल तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’खाली सर्च इंजिनांना नकार देणारी टिकखूण पाहा. स्टेजिंगवर (चाचणीच्या प्रतीवर) केलेली ती खूण लाइव्हवर तशीच येते.

संपर्काची वाट बंद पडणं

फॉर्म भरला जातो, ‘धन्यवाद’ येतं, मेल मात्र येत नाही. फॉर्मने ‘फ्रॉम’मध्ये भेट देणाऱ्याचाच जीमेल पत्ता टाकलेला असतो, तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवू पाहतो आणि मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीमार्कच्या तपासणीत अडकतो. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये त्यांचा. शक्यतो एसएमटीपीमार्फत (मेल खात्यात लॉगिन करून) पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या थेट लिंकमध्ये नंबर ९१ पासून सलग लिहायचा. अधिकचिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा, डॅश काहीही नको.

काम दाखवण्याच्या भरात नको ते शेअर करणं

डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटमध्ये ग्राहकांची खरी नावं आणि मोबाइल नंबर राहतात. ब्लर पुरेसा नाही. बारीक आकडे ब्लरमधूनही ओळखता येतात. भरीव रंगाचा चौकोन टाका आणि चित्र सपाट करून एक्स्पोर्ट करा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होतो. क्रॉपवरही डोळे झाकून भिस्त ठेवू नये: पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलने क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग परत मिळवता येतो, हे २०२३ मध्ये उघड झालं होतं. सगळ्यात चांगलं म्हणजे स्क्रीनशॉट खोट्या डेटावरच घ्या.

फोटोतलं जीपीएस लोकेशन अपलोडआधी काढा. वर्डप्रेस मोठा फोटो २५६० पिक्सेलला लहान करून वापरतं, पण मूळ फाइल सर्व्हरवर तशीच पडून असते. साइटच्या बॅकअपची झिप फाइल पब्लिक फोल्डरमध्ये विसरणं हे त्याहून धोक्याचं.

काम आपण केलं म्हणून दाखवायचा हक्क आपलाच, असं गृहीत धरू नका. कॉपीराइट अ‍ॅक्ट, १९५७ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी लागतं, आणि मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तुमच्या लेआउटमधले फोटो क्लायंटचे असतील तर परवानगीही त्याचीच लागेल. कोटेशनमध्येच ‘साइट सुरू झाल्यावर हे काम पोर्टफोलिओत दाखवता येईल’ अशी ओळ टाकून ठेवा.

आधी सोशल मीडियावर, मग कधीतरी साइटवर

क्रम उलटा हवा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिथे टाकलेलं काम आणि त्याच्या लिंक तिथेच संपल्या. केस स्टडी आधी आपल्या डोमेनवर टाका आणि बाकी ठिकाणी सारांशासह लिंक द्या. पूर्ण मजकूर दुसरीकडेही टाकायचाच असेल तर तिथे कॅनॉनिकल (मूळ) पत्ता आपला देता येतो का ते पाहा. जुन्या लेखात दुरुस्ती केली म्हणून प्रकाशनाची तारीख पुढे ढकलू नका. ‘शेवटचा बदल’ अशी वेगळी तारीख द्या.

आरएसएस फीडचा (वाचकाच्या अ‍ॅपला नवे लेख पुरवणाऱ्या यादीचा) पत्ता बदलला तर त्यालाही रीडायरेक्ट हवा, नाहीतर वाचक मुकाट्याने गळतात. फीडमधल्या प्रत्येक लेखाचा ‘जीयूआयडी’ (ओळखखूण) मात्र जुनाच ठेवा. तो बदलला की वाचकाच्या अ‍ॅपमध्ये तुमचे सगळे जुने लेख एका सकाळी नवे म्हणून येऊन पडतात.

होस्टिंग हलवताना

डीएनएसचा टीटीएल (नोंद साठवून ठेवण्याचे सेकंद) ३६०० असेल तर एक दिवस आधी ३०० करा. नेमसर्व्हर बदलणार असाल तर मेलसाठी लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी आधी नव्या जागी उतरवून घ्या. साइट चालू आणि मेल बंद हा प्रकार यामुळेच होतो. लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट जास्तीत जास्त ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत. आपोआप नूतनीकरण नव्या सर्व्हरवर खरंच चालतंय का ते स्वतः बघा. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की मेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच मेलवर जाते.