प्रॉम्प्टमधलं पॅकेजचं लांबलचक नाव छोटं करताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या एका डेअरीसाठी दूध संकलनाचा प्रोग्रॅम मी कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितो. इमॅक्स या एडिटरमध्ये स्लाइम, म्हणजे लिस्प लिहून तिथंच चालवून बघायचं साधन, उघडलं की प्रॉम्प्टवर (कोड टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीला) चालू पॅकेजचं, म्हणजे फंक्शनांच्या नावांच्या कप्प्याचं, नाव येतं. माझी नावं ठिपक्यांनी जोडलेली: 'डेअरी.संकलन.युटिल्स', 'डेअरी.बिल.युटिल्स'. स्लाइम असं नाव आपणहून तोडतं आणि शेवटचा तुकडा तेवढा दाखवतं. म्हणजे दोन्हीकडे प्रॉम्प्ट एकच, 'युटिल्स>'. एसटीच्या पाटीवर नुसतं 'बुद्रुक' लिहिलं तर गाडी कुठल्या गावची समजायची?

दहा दिवसांचं बिल निघायच्या आदल्या रात्री दुधाच्या फॅट-एसएनएफवरून (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) दर काढणारं फंक्शन मी दुरुस्त केलं. हातानं तपासलं, दर बरोबर आला. बिल मात्र जुन्याच दरानं निघत होतं. तासाभरानं कळलं की दुरुस्ती संकलनाच्या पॅकेजमध्ये झाली होती, बिलाच्या पॅकेजमधलं फंक्शन जसंच्या तसं होतं. लिस्पच्या लेखी ती दोन वेगळी नावं, म्हणून एररही आली नाही. शंका आली की आधी स्टार-पॅकेज-स्टार हे व्हेरिएबल छापून बघा, पूर्ण नाव समोर येतं.

प्रॉम्प्टवर दिसतं ते पॅकेजचं खरं नाव, असं धरून चालू नका. पॅकेज बदलणाऱ्या 'इन-पॅकेज'ला नुसतं 'युटिल्स' दिलंत तर असं पॅकेजच नाही म्हणून एरर येईल.

बरेच जण इथं डेफपॅकेजमध्ये, म्हणजे पॅकेज जिथं घोषित करतो तिथं, टोपणनाव घालतात आणि प्रॉम्प्ट का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसतात. कारण क्रमात आहे. स्लाइम आधी 'कॅनॉनिकल-पॅकेज-निकनेम्स' ही यादी बघतं, मग ठिपक्यांवरून तोडतं, आणि दोन्ही जमलं नाही तरच सगळ्यात छोटं टोपणनाव घेतं. तेव्हा एकतर त्या यादीत पूर्ण नाव आणि छोटं नाव अशी जोडी घाला, नाहीतर 'ऑटो-ॲब्रिव्हिएट-डॉटेड-पॅकेजेस'ला निल करा, म्हणजे ती तोडातोड बंद करा. दोन्ही व्हेरिएबलं स्वँकची, म्हणजे स्लाइमच्या लिस्पमध्ये चालणाऱ्या भागाची, आहेत. होम डिरेक्टरीतल्या डॉट-स्वँक-डॉट-लिस्प फाइलमध्ये लिहिली की दर वेळी लागू होतात. मी यादीच पसंत करतो, कारण तिथलं प्रत्येक नाव आपण विचार करून ठेवलेलं असतं.

नाव अवतरणचिन्हांत देत असाल तर कॅपिटल अक्षरांतच द्या. लिस्पचा रीडर (कोड वाचणारा भाग) अवतरणचिन्हांबाहेर टाइप केलेली नावं कॅपिटल करून वाचतो, अवतरणचिन्हांतली जशीच्या तशी ठेवतो, त्यामुळे स्मॉल अक्षरांतलं टोपणनाव नोंदलं जातं, पण हाक मारली की सापडत नाही.

रिनेम-पॅकेज या फंक्शननं पॅकेजचं नावच छोटं करण्याच्या फंदात मात्र पडू नका. नवी टोपणनावं सोबत दिली नाहीत तर जुनी सगळी पुसली जातात. वर डेफपॅकेज असलेली फाइल पुन्हा लोड केली की जुन्या नावाचं दुसरं, कोरं पॅकेज तयार होतं.

'यू' किंवा 'बी' असली एका अक्षराची टोपणनावंही नकोत. डेफपॅकेजमधलं टोपणनाव अख्ख्या इमेजमध्ये (चालू असलेल्या सगळ्या लिस्पमध्ये) एकाच पॅकेजचं असतं, दुसऱ्या लायब्ररीनं तेच घेतलेलं असेल तर लोड होतानाच भांडण. एसबीसीएल या लिस्पच्या कंपायलरमध्ये पॅकेजपुरतं लोकल टोपणनाव देता येतं, कोड लिहिताना ते फार सोयीचं पडतं. प्रॉम्प्टला त्याचा पत्ता नसतो, तिथं यादीच लागते.