हौसेची होडी घेताना आधी मागचा फळा बघा, इंजिन नंतर

होडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो. किती हॉर्सपॉवर, कुठल्या कंपनीचं, किती वर्षं वापरलंय. मग लांबी विचारतो, मग रंग बघतो आणि इसार देऊन मोकळा होतो. गेल्या 18 वर्षांत मी स्वतःसाठी चार आणि नातेवाईक-मित्रांसाठी सात-आठ होड्या घेतल्या. सगळ्या जुन्या, फायबरच्या, 14 ते 18 फुटांच्या. प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी उभं राहून हाच उलटा सल्ला देत होतं: ‘इंजिन चांगलं आहे ना, मग घेऊन टाक.’ इंजिन बिघडलं तर बदलता येतं. ते ज्या फळ्यावर लटकतं तो फळा समुद्रात बदलता येत नाही.

पाणी ठरवा

तुम्ही नक्की कुठे गरवणार, म्हणजे गळाने मासे पकडणार आहात, हे आधी ठरवा. खाडीत जिताडा, तांबोशी, शिंगाळा यांच्यासाठी बसणार असाल तर 14 फुटांची होडी भरपूर झाली. दिवाळीनंतर समुद्र शांत झाल्यावर सुरमईसाठी बाहेर जायचं असेल तर 17-18 फूट आणि उंच काठ हवेत. ‘दोन्ही करू’ म्हणणारे बहुतेक जण वर्षातले नव्वद टक्के दिवस खाडीतच असतात. त्यांनी खाडीचीच होडी घ्यावी.

होडी कुठे ठेवणार, हेही यातच आलं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीत 4-5 मीटरचा फरक पडतो. तिथे अर्धा दिवस होडी चिखलात बसते, म्हणून तळ सपाट हवा. व्ही आकाराचा तळ असला तर ती एका कुशीवर कलंडते. मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक त्याच्या निम्म्यावर येतो, पण तिथे बऱ्याच ठिकाणी होडी वाळूवर ओढून ठेवावी लागते. मग वजन महत्त्वाचं. भल्या पहाटे ओढायला चार माणसं कुठून आणणार? दोघांना ढकलता येईल तीच होडी वर्षभर वापरली जाते. बाकीच्या माडाखाली पडून राहतात.

रुंदी

लांबीपेक्षा रुंदी बघा. मध्यभागी पाच फुटांहून अरुंद होडीत उभं राहून गळ फेकता येत नाही. मासा लागला की दोघंही एकाच बाजूला झुकतात. काठावर बसून बघा, किती कलते ते लगेच कळतं. छप्पर बसवलेली होडी घेऊ नका. सावली मिळते, पण दुपारी खारा वारा सुटला की तेच छप्पर शिडासारखं वारा धरतं.

मागचा फळा

आता मुख्य गोष्ट. होडीच्या मागच्या टोकाला जो उभा, जाड फळा असतो, ज्यावर आउटबोर्ड इंजिन अडकवतात, त्याला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून तो फायबरचा दिसतो. आत बहुतेक होड्यांमध्ये प्लायवुड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरने मढवलेलं. इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा रेटा हे प्लायवुड झेलतं. ते कुजलं तरी बाहेरचं फायबर जसंच्या तसं दिसतं, आणि त्यावर रंगाचा एक हात मारला की फळा नव्यासारखा होतो.

माझी पहिली होडी 16 फुटी होती, नुकतीच निळी रंगवलेली. मी इंजिन सुरू करून बघितलं, ते पहिल्या दोरीला लागलं, मी पैसे मोजले. तिसऱ्या फेरीला दाभोळ खाडीच्या तोंडाशी होतो, ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं, वारा समोरून. इंजिन मागे कलतंय असं वाटलं. इंजिन फळ्याला आवळणारा क्लॅम्प सैल झाला असेल म्हणून हात घातला, तर क्लॅम्प घट्ट होता. क्लॅम्पसकट फळाच मागे झुकत होता. दोन्ही कोपऱ्यांत बोट जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यातून पाणी आत येत होतं. बरोबर चुलतभाऊ होता. इंजिन बंद केलं, दोरीने बसायच्या फळीला आवळून बांधलं, नांगर टाकला. तो पाणी उपसत राहिला आणि मी अंगातला शर्ट काढून हलवत राहिलो. परत येणाऱ्या एका मच्छीमार होडीने आम्हाला ओढून धक्क्याला आणलं. नांगराला दोरी लांब होती म्हणून आम्ही बाहेर वाहून गेलो नाही. त्या दिवसानंतर मी कुठलीही होडी फळा तपासल्याशिवाय घेतलेली नाही आणि कोणाला घेऊ दिलेली नाही.

कुजण्याचं कारण साधं आहे. फळ्याला भोकं पाडलेली असतात: इंजिनाच्या बोल्टांची, पाणी सोडायच्या बुचाची, कोणी मासे दाखवणारं यंत्र बसवलं असेल तर त्याच्या स्क्रूंची. प्रत्येक भोकातून पाणी आतल्या लाकडापर्यंत जातं. त्यातही खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी वाईट. मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला थोडा तरी आळा बसतो, गोड्या पाण्यात ती फोफावते. कोकणात एका पावसाळ्यात 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. होडी चार महिने उघडी, सरळ ठेवलेली असेल तर मागच्या बाजूला पाण्याचं डबकं साचून राहतं आणि फळा त्यात भिजत असतो. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: पावसाळ्यात होडी कशी ठेवता? पालथी घालून, झापांनी शाकारून, असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘असते की तिथेच अंगणात’ असं उत्तर आलं तर पुढच्या चारही तपासण्या दुप्पट काळजीने करा.

आधी डोळ्यांनी बघा. फळ्याच्या वरच्या कडेला एक सुतळी ताणून धरा. कड मध्ये फुगलेली किंवा मागे झुकलेली असेल तर लगेच दिसेल. फळा आणि बाजूचे काठ जिथे जुळतात ते आतले कोपरे बघा. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा म्हणजे फळा हलतोय. बोल्टांखाली तपकिरी ओघळ म्हणजे आतून पाणी पाझरतंय. होडी जुनी आणि फक्त फळाच ताजा रंगवलेला असेल, तर का रंगवला ते विचारा आणि उत्तर देताना माणसाच्या तोंडाकडे बघा.

मग ठोकून बघा. स्क्रू ड्रायव्हरची उलटी मूठ घ्या, वरच्या कडेपासून खाली बुचापर्यंत, दर चार बोटांवर एक ठोका. चांगलं लाकूड टणक, कोरडा आवाज देतं. कुजलेलं ‘थप्’ वाजतं, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखं. आवाज कुठे बदलतो तिथे खडूने खूण करा. बहुतेक वेळा बुचाच्या भोवती आणि इंजिनाच्या खालच्या बोल्टांपाशी आवाज बदलतो. खुणा हाताच्या पंज्याएवढ्या जागेत मावत असतील तर दुरुस्ती होईल. त्याहून जास्त असतील तर सगळा फळा गेला असं धरा.

तिसरी तपासणी इंजिनाच्याच मदतीने. इंजिन वर उचलून तिरकं अडकवा, पंख्याजवळचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली दाबा. जोरात नको, अंगाचं थोडं वजन टाका. दुसऱ्या माणसाला फळ्याच्या कडेवर बोट ठेवून उभं करा. होडी सगळी हलली तर ठीक. होडी स्थिर आणि फळा एकटा हलला तर तिथेच थांबा.

चौथी तपासणी पक्की, आणि नेमकी तीच लोक संकोचाने करत नाहीत. फळ्याच्या आतल्या बाजूचा, खालचा एक स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. स्क्रूच्या आट्यांना काय लागून येतं ते तळहातावर घ्या. कोरडा, पिवळसर भुसा आला तर फळा चांगला आहे. चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला लगदा आला आणि त्याला कुजत घातलेल्या सोडणांचा वास आला, तर आतलं लाकूड संपलंय. दोन वेळा मला भोकातून थेट पाणी ठिबकताना दिसलं, आणि त्या होड्या महिनाभर कोरड्या जमिनीवर उभ्या होत्या. बघून झाल्यावर भोकात सीलंट भरून स्क्रू परत बसवून द्या. विकणारा एक स्क्रूही काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा. त्याला माहीत आहे आत काय आहे.

होडीचा बाकी सांगाडा छान आहे आणि फळा गेलाय, अशी होडी घेऊ नये असं मी म्हणत नाही. मी तशा दोन घेतल्या. पण किंमत फळा नाही असं धरून ठरवा आणि दुरुस्ती स्वतः उभं राहून करून घ्या. आतल्या बाजूचं फायबर कापायचं, कुजकं लाकूड खरवडून शेवटच्या तुकड्यापर्यंत काढायचं, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलं मरीन प्लाय घालायचं. प्लायच्या प्रत्येक कापलेल्या कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आतून इपॉक्सी पाजायचं. कडा कोरड्या राहिल्या तर चार वर्षांनी पुन्हा हेच काम. साधं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला इपॉक्सीइतकं चिकटत नाही. अॅल्युमिनियमची प्लेट बोल्टने ठोकून ‘मजबूत’ केलेला फळा मात्र घेऊ नका. प्लेटखाली कूज चालूच राहते, फक्त दिसत नाही.

इंजिन

इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा उभा दांडा, आणि फळ्याची उंची जुळली पाहिजे. आखूड शाफ्ट 15 इंची फळ्यासाठी, लांब शाफ्ट 20 इंचीसाठी; उंच फळ्यावर आखूड शाफ्ट लावला तर लाटेत पंखा हवा कापत बसतो. फोर-स्ट्रोक शांत आणि कमी तेल खाणारं, पण त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा जड. 10 हॉर्सपॉवरच्या आसपासचं फोर-स्ट्रोक सुमारे 40 किलो भरतं. जुन्या फळ्यावर ते लटकवण्याआधी वरच्या चारही तपासण्या झाल्या पाहिजेत. खाडीसाठी 8 ते 10 हॉर्सपॉवर पुरे.

तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन थंड हवं. आधी झाकणावर हात ठेवा. गरम असेल तर ते तुमच्यासाठी तापवून ठेवलंय. सुरू झाल्यावर मागून पाण्याची सलग धार पडायला हवी. गिअरचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय.

कागद

होडीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का बघा. नोंद मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि जवळच्या बंदर निरीक्षकाकडे जाऊन तुमच्या नावावर, तुमच्या वापरासाठी ती कशी होईल ते पैसे देण्याआधी विचारा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिन्यात लोक होड्या विकून टाकायला बघतात आणि भाव उतरतो. पण 20 मेच्या आत पाण्यात चालवून बघता येईल असं जमवा, नंतर समुद्र उठतो.

दोन वल्ही, लांब दोरीचा नांगर, माणशी एक लाइफ जॅकेट. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये असू द्या. यावर चर्चा नको.

पाण्यातली फेरी

चाचणी भरतीला ठेवू नका. भरतीत सगळ्याच होड्या चांगल्या चालतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला साधारण 3 वाजता. त्यानंतर दोन तासांनी, ओहोटी ओढायला लागली की निघा. एक तास चालवा, तेवढीच माणसं घेऊन जेवढी तुम्ही नेहमी नेणार आहात. पूर्ण वेगात जा, एकदम वेग कमी करा, उलट गिअर टाका. उलट गिअरमध्ये इंजिन फळ्याला मागे ओढतं. तेव्हा मागे बघा.

परत आल्यावर होडी वाळूवर ओढा, इंजिन उतरवा, बूच काढून आतलं पाणी सोडून द्या. मग कोरड्या फडक्याने फळा आतून-बाहेरून पुसा, बोल्टांची भोकं आणि बुचाची कड नीट टिपून घ्या, आणि पंधरा मिनिटं काही न करता शेजारी बसा. तेवढ्यात विकणारा चहा सांगेल, व्यवहाराचं बोलायला लागेल. बोला, पण नजर भोकांवर ठेवा. पुसलेल्या फळ्यावर भोकाखाली नवा ओला ओघळ दिसायला लागला तर ते पाणी आतल्या लाकडातून येतंय.