गिअर गेला म्हणण्याआधी

"गियर गेलो रे! इंजिन बोंब मारता, होडी काय हलणा नाय."

पहाटे साडेचारला फोन वाजला की पलीकडून बहुतेक हेच ऐकू येतं. देवगड बंदरात 22 वर्षं इंजिनं आणि गिअरबॉक्स उघडतोय, त्यामुळे मी आधी एकच विचारतो, "मामा, कपलिंग फिरता काय?"

कपलिंग म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा दांडा, जोडणारी ती दोन गोल चकत्यांची जोडी. होडी जेटीला पुढून-मागून घट्ट बांधा, एकाला वर लिव्हरपाशी उभा करा, इंजिन आयडलवर ठेवून पुढचा गिअर टाकायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात लांबूनच बघा. लुंगी, गमछा, सुटी बाही घेऊन जवळ जाऊ नका. फिरता शाफ्ट कपडा गुंडाळायला लागला की माणसाला सोडत नाही.

कपलिंग आणि शाफ्ट दोन्ही फिरताहेत, तरी होडी जागची हलत नाही? मग गिअरबॉक्स निर्दोष. पंख्यात (होडी ढकलणाऱ्या प्रोपेलरात) जाळ्याचा तुकडा अडकलाय, पंख्याची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा, तुटलीय, नाहीतर पंखाच दर्याला अर्पण झालाय. गिअरबॉक्सकडची चकती फिरते आणि शाफ्ट उभा राहतो, तेव्हा कपलिंगचे बोल्ट किंवा तिथली चावी गेलेली असते. काहीच फिरत नसेल तरच संशय गिअरबॉक्सकडे सरकतो, आणि तेव्हाही पाना हातात घ्यायचा नाही. आधी वरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यात नवा होतो, बांगड्याचा हंगाम जोरात होता आणि एका ट्रॉलरचा गिअर घसरत होता. मी सरळ गिअरबॉक्स उतरवला, दोन दिवस घालवून क्लचच्या प्लेटी बाहेर काढल्या. प्लेटी स्वच्छ, नव्यासारख्या. सगळं परत चढवताना दिसलं की केबलचं बाहेरचं आवरण धरणारी पट्टी ढिली होती. वरची लिव्हर पूर्ण पुढे जायची, पण खाली गिअरबॉक्सवरची लिव्हर अर्धं बोट अलीकडेच थांबायची. क्लचला पुरता दाब मिळत नव्हता, म्हणून तो घसरत होता. एका बोल्टचं काम. मालक काही बोलला नाही. त्या दिवशी चहा मात्र त्याने एकट्यानेच घेतला.

तेव्हा इंजिन बंद करा, इंजिनाची चावी खिशात टाका, वरून गिअर टाका आणि खाली जाऊन गिअरबॉक्सची लिव्हर त्याच दिशेला हाताने ढकलून बघा. अजून सरकत असेल तर दोष केबलचा. पुढे आणि रिव्हर्स, दोन्हीकडे बघा. अशी अर्धवट लिव्हर घेऊन जाळं ओढत राहिलात तर मात्र चांगल्या प्लेटी खरंच जळतील.

यानंतर गिअरबॉक्सचं ऑइल. ते मापायची पट्टी काढा, पुसा, परत घाला. ती आटे बसवून मापायची की नुसती टेकवून, इंजिन चालू ठेवून की बंद करून, हे प्रत्येक गिअरबॉक्सचं वेगळं असतं, पुस्तिकेत बघा. मग थेंब बोटावर घ्या. दूध घातलेल्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय, आणि ते बहुतेक वेळा ऑइल कूलरमधून येतं. कूलरच्या एका बाजूने खारं पाणी, दुसऱ्या बाजूने ऑइल, मध्ये पातळ नळ्या. खाऱ्या पाण्याने त्या सडतात. कूलरात जस्ताची कांडी बसवायची सोय असेल तर ती अर्धी झिजली की बदला; ती संपली की खारं पाणी नळ्यांकडे वळतं. शंका आली तर कूलर सोडवून बादलीतल्या पाण्यात बुडवा, ऑइलच्या बाजूने बेताची हवा द्या. बुडबुडे आले की निकाल लागला. नवा कूलर बसवल्यावर ऑइल एकदा बदलून भागत नाही. भरा, पाचेक मिनिटं चालवा, काढा. दुधाळपणा जाईपर्यंत हेच करा.

करपलेला वास आला तर क्लच घसरतोय. ऑइलमध्ये चकाकी दिसली तर लोहचुंबक फिरवा: चिकटलेला चकचकीत कीस म्हणजे गिअरचे दात किंवा बेअरिंग, न चिकटणारी सोनेरी भुकटी म्हणजे प्लेटी. गिअरबॉक्स उघडायची वेळ ही.

आणि कृपा करून इंजिनाचं उरलेलं ऑइल त्यात ओतू नका. गिअरबॉक्सच्या पाटीवर ग्रेड लिहिलेला असतो. कुठे साधं 30 नंबर लागतं, कुठे पातळ लाल ऑइल.

न्यूट्रलला, आयडलवर खडखड येते आणि रेस वाढवली की थांबते? तो आवाज गिअरचा नसून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डँपर प्लेटचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या चकतीचा असतो. तिच्या स्प्रिंगा मोडायचं निम्मं श्रेय आमच्या तांडेलांना, म्हणजे होडी हाकणाऱ्यांना. जेटी जवळ आली की भर वेगात पुढच्यातून थेट रिव्हर्स! रेस खाली आणा, न्यूट्रलला दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

1 जून ते 31 जुलैच्या बंदीत होड्या शाकारून ठेवतो, तेव्हा ऑइल होडी वर काढण्याआधी बदला. पाणी मुरलेलं जुनं ऑइल दोन महिने आत ठेवलं तर बेअरिंगांना गंज धरतो. शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे तो गिअरबॉक्सशी सरळ रेषेत आहे का, हे मात्र होडी पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनीच तपासा, कारण जमिनीवर टेकलेली होडी वेगळी वाकते आणि तरंगती वेगळी. कपलिंगचे बोल्ट काढा, चकत्या जवळ आणा, वर-खाली, डावी-उजवीकडे फीलर गेज, म्हणजे फट मापायची पातळ पात, घाला. पाच इंची कपलिंगला पाच थाउ (इंचाचे पाच हजारांश), म्हणजे सव्वा दशांश मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. जास्त आला तर शाफ्ट पाव फेरा फिरवून परत मापा. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा त्याची चकती वाकडी आहे. जागेवरच राहिली तर इंजिनाचे पाय उचलायचे-बसवायचे.

एक राहिलंच. बंद पडलेली होडी दुसरीने ओढून आणताना पाण्याच्या जोराने पंखा फिरत राहतो. इंजिन बंद म्हणजे बऱ्याच गिअरबॉक्समधला ऑइल पंपही बंद, आणि आतली बेअरिंगं कोरडी पडतात. विजयदुर्गाकडून ओढत आणलेली एक होडी मी बघितलीय. निघताना बिघाड फक्त डिझेल पंपाचा होता, देवगडला पोचेपर्यंत गिअरबॉक्सही निकामी झाला होता. ओढायला दोर बांधलात की खाली उतरा आणि पाइपचा पाना लावून शाफ्ट अडकवून ठेवा. इंजिन परत चालू करण्याआधी तो पाना काढायला विसरू नका.