ॲक्सोलॉटलचं पिल्लू काही खातच नाहीये? या चुका टाळा

ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी. नवीन पिल्लू आणलं, दोन दिवस झाले तोंडाला काही लावेना, की आपण काय करतो, दर तासाला टँकपाशी जाऊन त्याच्या नाकासमोर काहीतरी नाचवत बसतो. मीपण तेच केलं. अहो त्याला पापण्याच नसतात, उजेड नकोसा होतो. पहिले दोन-तीन दिवस लाइट बंद ठेवा, लपायला एखादा पाइपचा तुकडा टाका आणि खाणं रात्री द्या.

खरी चूक बहुतेक वेळा पाण्यातच असते. हा सॅलॅमँडर मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला, १६ ते १८ डिग्री त्याला झकास, २० ठीक, २४ च्या पुढे धोका. आणि आपलं नाशिक? थंडीच्या गप्पा निफाडच्या मारायच्या पण एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकतोच. त्यामुळे आधी थर्मामीटर घ्या, मग खाण्याचे डबे. पाण्यावर छोटा फॅन लावला तरी दोन-तीन डिग्री उतरतात. नळाचं पाणी डायरेक्ट ओतू नका, क्लोरीन असतं, अमोनियाचं टेस्ट किटपण ठेवा. गिल्स, म्हणजे डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले, पुढे वळलेले दिसले तर फिल्टरचा फोर्स कमी करा.

आता माझा गाढवपणा. नर्सरीतून गांडूळखतातली लाल गांडुळं आणली, पिल्लू पकडायचं आणि थू करून टाकायचं, चार दिवस मी टेन्शनमध्ये की हे आजारीच आहे. नंतर कळलं ही गांडुळं कडू रस सोडतात! साध्या मातीतलं गांडूळ धुऊन, बारीक कापून दिलं, गपकन गिळलं. फक्त द्राक्षबागेतलं आणू नका हं, तिथे किती फवारण्या होतात आपल्याला माहितीये.

अगदी बोटाच्या दोन पेरांएवढं पिल्लू असेल तर त्याला हलणारंच खाणं दिसतं, त्याला जिवंत डॅफ्निया किंवा आर्टेमियाची पिल्लं (दोन्ही पाण्यातले कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) द्या, रोज. दुकानदार गोल्डफिशचे तरंगणारे दाणे गळ्यात मारतो, ते तसेच वर राहतात, ॲक्सोलॉटल तर तळाशी बसून पाण्यासकट खाणं ओढून घेतो. म्हणूनच खाली खडे नकोत, तेही पोटात जातात.

उरलेलं लगेच काढा. आठवडाभर उपास, अंगावर कापसासारखं पांढरं किंवा उलटं तरंगणं दिसलं तर मात्र घरगुती प्रयोग बंद, एक्झॉटिक प्राणी बघणारा व्हेट गाठा.