काचबिंदू असलेल्यांनी भांगेबाबत काय सांभाळावे

इंदूरला रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून रामबागेतल्या घरी परतल्यावर भांग घातलेली थंडाई समोर आली, की कोणीतरी आग्रह करतेच, “घ्या काका, डोळ्यांचा दाब उतरतो.” हे अर्धे खरे आहे आणि त्यातच धोका आहे. गांजा ओढल्यावर डोळ्यांतील दाब सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी उतरू शकतो, हे हेपलर आणि फ्रँक या संशोधकांनी अमेरिकेत १९७१ साली नोंदवले. परंतु तो उतार तीन-चार तासच टिकतो, आणि काचबिंदूत तर दाब रात्रंदिवस आटोक्यात राहावा लागतो. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा नशा करावी लागेल. शिवाय रक्तदाबही उतरत असल्याने डोळ्याच्या नसेला होणारा रक्तपुरवठा घटण्याची भीती असते, आणि नेमकी ती नसच आपल्याला वाचवायची आहे. तेव्हा भांगेला औषध समजू नये.

दाब मोजायला जाण्याआधी भांग घेतली असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. आकडा तात्पुरता कमी दिसला, तर उपचार पुरेसा आहे असा त्यांचा गैरसमज होईल. मध्य प्रदेशात भांग सरकारमान्य दुकानांत मिळते, त्यामुळे सांगायला संकोच नको.

सणाच्या रात्री खरी चूक होते ती डोळ्यांत घालायच्या थेंबांची. आमच्या काकांना थंडाईनंतर गाढ झोप लागली आणि लॅटानोप्रोस्टची, म्हणजे डोळ्यांचा दाब उतरवणाऱ्या थेंबांची, बाटली उशाशी तशीच राहिली. अशा दिवशी थेंब घालण्याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. हात धुऊन खालची पापणी हलकेच ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एकच थेंब सोडावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. डोळा अचानक ठणकू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर “भांग चढली” म्हणून रुग्णाला झोपवू नये, त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.